फ्रेंचचे दुसरे वर्ष : पालि अभ्यासकांसाठी एक विचार

गेल्या वर्षावासात समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे आमचे एक व्याख्यान झाले. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गापासून चंद्रपूरचा रस्ता जेथे फुटतो, तेच हे जाम. व्याख्यान आटोपल्यावर गावातील एक विद्यार्थिनी हातात वही घेऊन आमच्याकडे आली. तिने नागपूर विद्यापीठातून पालि विषयात एम. ए. केले असून त्यासोबत फ्रेंच भाषेचा एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही पूर्ण केला आहे. तिचा प्रश्न असा होता : "सर, फ्रेंचच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यावा की येथेच थांबावे? घरचे विचारतात, पालिच्या मुलीला फ्रेंच कशाला? शुल्क आहे, जाण्यायेण्याचा खर्च आहे. मला त्यांना नीट उत्तर देता येत नाही."

वहीत तिने एका फ्रेंच लेखातील दोन पानांचा मराठी अनुवाद केला होता. विषय होता एका बौद्ध ग्रंथाच्या काळाचा. अनुवाद स्वच्छ अक्षरात होता आणि वाचायला सुबोध होता. परंतु एका जागी तिने लिहिले होते की हा ग्रंथ 'निःसंशय' दुसऱ्या शतकातील आहे. मूळ फ्रेंच शब्द होते 'साँ दूत'. शब्दशः पाहिले तर 'साँ' म्हणजे वाचून आणि 'दूत' म्हणजे संशय. मग 'निःसंशय' यात चूक काय? चूक ही की आजच्या फ्रेंचमध्ये 'साँ दूत' याचा अर्थ 'बहुधा' असा होतो. 'निःसंशय' म्हणावयाचे असल्यास फ्रेंच लेखक 'साँ-झोकँ दूत', म्हणजे 'कोणत्याही संशयावाचून', असे लिहितो. लेखकाने 'बहुधा' म्हणून जे सावधपणे मांडले होते, ते अनुवादात सिद्धांत होऊन बसले.

आम्ही त्या मुलीला दोष दिला नाही. याचे कारण असे की विद्यार्थिदशेत हीच चूक आम्हीही केली होती. एका विहारातील भाषणात, फ्रेंच पंडिताचा हवाला देऊन, एक गोष्ट 'निःसंशय सिद्ध झाली आहे' असे आम्ही ठासून सांगितले होते. पुढे फ्रेंचचे दुसरे वर्ष शिकताना ते वाक्य पुन्हा वाचनात आले, तेव्हा आपण काय केले हे ध्यानात आले. तोपर्यंत ऐकणाऱ्यांनी ते विधान आणखी कितीजणांना सांगितले असेल! म्हणून जामच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापुरते न ठेवता सर्वच पालि अभ्यासकांसमोर मांडावे, असे आम्हांस वाटले.

पहिले वर्ष आणि दुसरे वर्ष

युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानण्याची जी चौकट २००१ साली प्रसिद्ध झाली, तीत पहिल्या दोन पायऱ्या प्राथमिक, मधल्या दोन मध्यम आणि शेवटच्या दोन प्रगत समजल्या जातात. आपल्या विद्यापीठांतील प्रमाणपत्र, पदविका व उच्च पदविका या क्रमाचा आशयही साधारणपणे असाच आहे. पहिल्या वर्षात विद्यार्थी स्वतःची ओळख करून देतो, बाजारात वस्तू मागतो, रस्ता विचारतो. वाचनात त्याला नावे, तारखा आणि ओळखीचे शब्द सापडतात. इंग्रजीशी साम्य असलेले पुष्कळ शब्द भेटत असल्यामुळे आपल्याला समजते आहे असा भासही होतो.

दुसऱ्या वर्षात हा भास मोडतो. एकाऐवजी अनेक भूतकाळ समोर येतात. एका वाक्यात तीन उपवाक्ये गुंतलेली दिसतात. क्रियापदाची अशी रूपे येतात की ज्यांतून घटना कळत नाही, घटनेविषयी लेखकाची वृत्ती कळते. नेमके येथेच आमचे अनेक विद्यार्थी अभ्यास सोडतात. पाठ्यपुस्तक इंग्रजीतून समजावणारे, उदाहरणे पॅरिसच्या उपाहारगृहातील, आणि ज्या बौद्ध ग्रंथांसाठी भाषा हाती घेतली त्यांचा कोठे उल्लेखही नाही. अशा वेळी 'ही भाषा आपल्यासाठी नव्हेच' असे मनाने घेतले तर नवल नाही. परंतु पालि अभ्यासकाच्या दृष्टीने फ्रेंचचा खरा उपयोग दुसऱ्या वर्षातच सुरू होतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बौद्ध विद्येत फ्रेंचचे स्थान

युरोपात पालि भाषेचा पहिला पद्धतशीर अभ्यास फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. १८२६ साली यूजेन ब्यूर्नूफ आणि ख्रिस्तियन लासेन या दोन तरुण अभ्यासकांनी पालिवरील आपला निबंध पॅरिसमध्ये छापला. पुढे नेपाळमधून ब्रायन हॉजसन यांनी पाठविलेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या आधारे ब्यूर्नूफ यांनी भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासाची प्रस्तावना १८४४ साली प्रसिद्ध केली. सद्धर्मपुंडरीकाचा त्यांचा अनुवाद १८५२ साली, त्यांच्या निधनाच्याच वर्षी, बाहेर आला. एमिल सेनार यांनी १८७१ साली कच्चायनाचे पालि व्याकरण फ्रेंच अनुवादासह प्रसिद्ध केले आणि नंतर महावस्तूचे तीन खंड संपादित केले. पालि टेक्स्ट सोसायटीच्या ज्या संयुत्तनिकायाचे पृष्ठांक आपण संदर्भात देतो, त्याचे संपादकही लेओं फेअर हे फ्रेंच पंडितच होते.

विसाव्या शतकात ही परंपरा अधिक विस्तारली. बेल्जियमचे लुई द ला व्हाले पूसँ यांनी वसुबंधूच्या अभिधर्मकोशाचा सटीप फ्रेंच अनुवाद १९२३ ते १९३१ या काळात प्रसिद्ध केला. त्यांच्याच देशातील एतियेन लामोत यांचा भारतीय बौद्ध धर्माचा इतिहास १९५८ साली आला. आंद्रे बारो यांचा प्राचीन बौद्ध निकायांवरील ग्रंथ १९५५ सालचा आहे.

येथे कोणी विचारील, हे सर्व इंग्रजीत आले नाही काय? आले, पण केव्हा आले ते पाहावे. लामोत यांचा इतिहास इंग्रजीत यायला १९८८ साल उजाडले, म्हणजे तीस वर्षे गेली. बारो यांचा ग्रंथ २०१३ साली इंग्रजीत आला, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी. ब्यूर्नूफ यांच्या प्रस्तावनेचा इंग्रजी अनुवाद २०१० साली निघाला. त्याला एकशे सहासष्ट वर्षे लागली. जो केवळ इंग्रजीवर अवलंबून राहील, त्याच्या पदरी एका पिढीचे ज्ञान दुसऱ्या किंवा पाचव्या पिढीत पडेल. शिवाय इंग्रजी अनुवाद हाती आल्यावरही मूळ लेखकाने 'बहुधा' म्हटले होते की 'निश्चित', हे पडताळण्यासाठी मूळ वाचता यावे लागते.

मराठी भाषेचाही या परंपरेशी जवळचा संबंध आहे. ज्यूल ब्लॉख यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली पॅरिसमध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केला आणि तो १९४१ साली 'मराठी भाषेचा विकास' या नावाने आला. प्राकृतातून आपली बोली कशी घडली हे जाणण्यासाठी मराठी माणसाला फ्रेंच ग्रंथाकडे जावे लागले, आणि तो ग्रंथ घरी आणण्यासाठी फ्रेंच जाणणारा एक मराठी अभ्यासक असावा लागला.

अहमदनगरच्या किल्ल्यातील अभिधर्मकोश

याहून बोलके उदाहरण अभिधर्मकोशाचे आहे, आणि तेही आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवरील. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्या काँग्रेस नेत्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले होते. त्यांत समाजवादी विचारवंत आचार्य नरेंद्र देव होते. त्यांना संस्कृत, पालि आणि फ्रेंच अवगत होते. या बंदिवासात त्यांनी पूसँ यांच्या फ्रेंच अभिधर्मकोशाचा हिंदी अनुवाद करण्याचे काम चालविले. १९५६ साली त्यांचे निधन झाले आणि १९५८ साली अलाहाबादच्या हिंदुस्तानी अकादमीने तो अनुवाद प्रकाशित केला.

या ग्रंथाचा प्रवास ध्यानात घेण्यासारखा आहे. वसुबंधूने तो भारतात, संस्कृतात लिहिला. येथे मूळ ग्रंथ दृष्टीआड झाला. चीनमध्ये युआन च्वांग याने केलेला चिनी अनुवाद आणि तिबेटी अनुवाद टिकून राहिले. त्यांच्या साहाय्याने पूसँ यांनी तो फ्रेंचमध्ये आणला, आणि फ्रेंचमधून तो हिंदीत, म्हणजे भारतात परत आला. दरम्यान राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात मूळ संस्कृत हस्तलिखित सापडले. त्यांतील कारिका पुण्याचे वासुदेव विश्वनाथ गोखले यांनी १९४६ साली संपादित केल्या, आणि प्रल्हाद प्रधान यांनी संपादित केलेले संपूर्ण भाष्य १९६७ साली पाटण्याहून प्रसिद्ध झाले.

पूसँ यांच्या फ्रेंच ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद लिओ प्रुडन यांनी केला. त्याचे खंड १९८८ ते १९९० या काळात बाहेर आले. याचा अर्थ असा की हिंदी वाचकाला हा ग्रंथ इंग्रजी वाचकाच्या तीस वर्षे आधी मिळाला. इंग्रजीच्या दारातूनच ज्ञान आपल्याकडे येते, ही समजूत येथे खोटी ठरते. ज्याला फ्रेंच येते तो आपल्या माणसांना इंग्रजीच्याही आधी ग्रंथ देऊ शकतो. मात्र हे काम बाजारात वस्तू मागण्यापुरत्या फ्रेंचने होत नाही.

पालि आणि मराठीचे साहाय्य

आमच्या विद्यार्थ्यांना वाटते की फ्रेंच व्याकरण इंग्रजीतूनच समजते. आमचा अनुभव निराळा आहे. मध्यम पातळीवरील जे मुद्दे इंग्रजीतून अवघड वाटतात, त्यांतील काही मराठी व पालि जाणणाऱ्याला सोपे जावेत असे आहेत.

पहिला मुद्दा भूतकाळाचा. 'पासे काँपोझे' या भूतकाळात काही अकर्मक क्रियापदे, मुख्यतः जाणे-येणे आणि स्थित्यंतर दाखविणारी, 'असणे' या सहायकासह येतात आणि त्यांचे कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते. इतर बहुतेक क्रियापदांना 'जवळ असणे' या अर्थाचे सहायक लागते, आणि कर्म आधी आले असेल तर कृदंत त्या कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी येथे गोंधळतो. मराठी विद्यार्थ्याने गोंधळण्याचे कारण नाही. 'ती गेली' यात क्रियापद कर्त्यामागे जाते. 'त्याने चिठ्ठी लिहिली' यात ते कर्मामागे जाते. फ्रेंचमध्ये 'त्याने चिठ्ठी लिहिली' याला 'इल आ एक्री ला लेत्र' म्हणतात. पण 'त्याने लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना 'ला लेत्र किल आ एक्रीत' असे होते. चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि आधी आलेली, म्हणून 'एक्री'चे 'एक्रीत' झाले. पालितील 'गतो', 'सुतं' ही भूतकाळवाचक कृदंते ज्याने अभ्यासली आहेत, त्याला हा नियम दूरचा वाटू नये. मराठीत हा नियम बहुतांशी चालतो आणि फ्रेंचमध्ये काही अटींवर चालतो, एवढा भेद मात्र लक्षात ठेवावा.

दुसरा मुद्दा वर्णन आणि घटना यांतील भेदाचा. सुत्ताच्या आरंभी भगवान अमुक ठिकाणी विहार करीत होते असे सांगून मग त्यांनी भिक्खूंना संबोधिले असे येते. पालित पहिल्यासाठी 'विहरति' हे वर्तमानाचे रूप आणि दुसऱ्यासाठी 'आमन्तेसि' हे अज्जतनीचे रूप वापरतात. फ्रेंच अनुवादक पहिल्यासाठी 'अँपार्फे' हा चालू स्थिती सांगणारा भूतकाळ घेतो आणि दुसऱ्यासाठी 'पासे सँप्ल' हा घटना सांगणारा भूतकाळ घेतो. 'सेझूर्ने' म्हणजे राहत होते, 'साद्रेसा' म्हणजे संबोधिले. 'पासे सँप्ल' बोलण्यात जवळजवळ येत नाही, म्हणून संभाषणप्रधान वर्गांत तो उशिरा आणि घाईने शिकवितात. बौद्ध इतिहासाच्या जुन्या फ्रेंच ग्रंथांत मात्र तो पानोपानी आहे. विद्यार्थ्याने त्याची तृतीय पुरुषाची रूपे ओळखण्यापुरती तरी स्वतः तयार करावीत.

तिसरा मुद्दा 'स्युब्झाँक्तीफ' या अर्थाचा. 'इल फो क' म्हणजे 'आवश्यक आहे की', 'ब्यँ क' म्हणजे 'जरी', अशा शब्दांनंतर क्रियापदाचे रूप बदलते. मराठीतील 'जावे', 'असावे' आणि पालितील 'गच्छेय्य', 'भवेय्य' ही रूपे ज्याला परिचित आहेत, त्याला क्रियापद केवळ घडलेले सांगत नाही, अपेक्षित वा कल्पितही सांगते, हे नव्याने शिकावे लागत नाही.

'किर' आणि 'म्हणे'

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जामच्या विद्यार्थिनीच्या वहीत आणखी एक वाक्य होते. मूळ फ्रेंच असे : 'ल तेक्स्त सरे द्यु दझ्येम स्येक्ल'. तिने लिहिले होते, 'हा ग्रंथ दुसऱ्या शतकातील आहे'. परंतु 'आहे' यासाठी फ्रेंचमध्ये 'ए' हा शब्द आहे. येथे 'सरे' आहे, म्हणजे 'काँदिस्योनेल'चे रूप. पहिल्या ओळखीत विद्यार्थी 'काँदिस्योनेल' म्हणजे 'जर-तर' एवढेच शिकतो. येथे 'जर' कोठेच नाही, म्हणून तो त्या रूपाकडे दुर्लक्ष करतो. वस्तुतः फ्रेंच विद्वान आणि वृत्तपत्रे या रूपाचा उपयोग दुसऱ्याने सांगितलेली, स्वतः हमी न घेतलेली गोष्ट मांडण्यासाठी करतात. वाक्याचा खरा अर्थ आहे, 'हा ग्रंथ दुसऱ्या शतकातील असल्याचे सांगतात'.

पालि अभ्यासकाला याची ओळख आधीपासूनच आहे. पालित 'किर' हा निपात ऐकीव गोष्टीसाठी येतो. मराठीत आपण वाक्याच्या शेवटी 'म्हणे' जोडतो. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' यांतील अंतर आपल्या आज्जीलाही कळते. फ्रेंचमध्ये हे अंतर पुष्कळदा क्रियापदाच्या रूपातच दडलेले असते, आणि ते रूप ओळखता न आल्यास 'म्हणे' गळून पडतो. ऐकीव गोष्ट साक्षीची गोष्ट होते.

असे आणखी काही सापळे आहेत. 'न' हा फ्रेंच नकार आपल्याच 'न'च्या कुळातील आहे. परंतु 'न' आणि पुढे 'क' आला तर नकार नसून 'केवळ' असा अर्थ होतो. तुलनेच्या वाक्यात येणारा 'न' तर काही वेळा अर्थशून्यच असतो. 'प्ल्यु तो कोँ न ल क्र्वा' याचा अर्थ 'लोक समजतात त्याहून आधी' असा आहे. 'समजत नाहीत' असा नाही. इंग्रजीसारखे दिसणारे शब्दही फसवितात. 'आक्त्युएलमाँ' म्हणजे 'सध्या', 'वस्तुतः' नव्हे. 'एवाँत्युएलमाँ' म्हणजे 'कदाचित, प्रसंगी', 'अखेरीस' नव्हे. या शब्दांतील एकच चुकला तरी ग्रंथाचा काळ, लेण्याची मालकी किंवा एखाद्या निकायाचे मत उलटेपालटे होऊ शकते.

ही बाब आमच्या वाचकांसाठी केवळ व्याकरणाची नाही. बौद्ध इतिहासाविषयी आपण जे लिहितो ते वादाच्या मैदानात तपासले जाते. आपल्या लेखात एका पंडिताच्या तोंडी त्याने न केलेले ठाम विधान घातले गेले, तर ते उघड होताच बाकीच्या खऱ्या विधानांवरही संशय घेतला जातो. आणि कोणी विरोधी विधान करून फ्रेंच पंडिताचा आधार सांगितला, तर त्याने 'ए' लिहिले होते की 'सरे', हे आपल्याला स्वतः पाहता आले पाहिजे. कालामांना केलेल्या उपदेशात केवळ ऐकीव आहे किंवा परंपरेने आले आहे म्हणून स्वीकारू नका, असे भगवंतांनी सांगितले. विधान, तर्क आणि ऐकीव यांतील भेद ओळखणे हे त्या उपदेशाचे अभ्यासातील पालन होय.

बाबासाहेबांचा दाखला

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले गेले नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वप्रयत्नाने मिळविले आणि उत्तरायुष्यात पालि व्याकरण व कोश यांवर परिश्रम घेतले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्र आणि इतिहास यांच्या जोडीला प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही समावेश होता.

याच विद्यापीठात मे १९१६ मध्ये त्यांनी भारतातील जातींवर आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यात जातीच्या ज्या व्याख्या त्यांनी तपासल्या, त्यांतील पहिली सेनार यांची आहे. कच्चायनाचे व्याकरण प्रसिद्ध करणारे तेच हे सेनार. त्यांचा जातींवरील फ्रेंच ग्रंथ १८९६ सालचा असून त्याचा इंग्रजी अनुवाद १९३० साली निघाला. एवढ्यावरून बाबासाहेबांनी तो ग्रंथ मूळ फ्रेंचमध्ये वाचला होता, असे आम्ही म्हणणार नाही. कारण उतारे इतरांच्या इंग्रजी ग्रंथांतूनही मिळू शकतात. महत्त्वाचे हे की त्यांनी त्या पंडिताचा मान राखला आणि त्याचे मत मात्र तपासून घेतले. विटाळाची कल्पना हे जातीचे लक्षण मानणे योग्य नाही, असे त्यांनी त्याच निबंधात दाखवून दिले. फ्रेंच पंडितांचे ग्रंथ वाचावयाचे ते याच वृत्तीने. लामोत हे कॅथलिक धर्मोपदेशक होते, आणि बारो यांच्या ग्रंथाच्या नावातच थेरवादादी निकायांना 'लहान यान' म्हटले आहे. त्यांचे ऋण मानावे. दृष्टिकोन मात्र पारखून घ्यावा.

स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीपासून उसने घेतलेले नसून आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट केले होते. फ्रेंच शिकणाऱ्याला 'लिबेर्ते, एगालिते, फ्रातेर्निते' हे शब्द पहिल्याच महिन्यात भेटतात. तिन्ही स्त्रीलिंगी आहेत, आणि त्यांच्या शेवटचा 'ते' हा प्रत्यय आपल्या 'समता', 'बंधुता' यांतील 'ता'चा जवळचा नातलग आहे. परकी भाषा शिकल्याने विचार परका होत नाही. उलट, कोणता विचार कोठून आला हे सांगण्याचा अधिकार वाढतो.

अभ्यास कसा करावा

वर्गातील पाठ्यपुस्तक सोडू नये. परीक्षा त्यावरच असते आणि ऐकण्या-बोलण्याचा सराव वाचनालाही बळ देतो. पण त्यासोबत रोज दहा ओळी आपल्या विषयाच्या वाचाव्यात. आरंभ ब्यूर्नूफ यांच्या लांब वाक्यांनी करू नये. आपल्याला पालित पाठ असलेल्या एखाद्या सुत्ताचा फ्रेंच अनुवाद घ्यावा आणि तो पालिशेजारी ठेवून वाचावा. अर्थ आधीच माहीत असल्याने लक्ष क्रियापदांच्या रूपांकडे राहते. त्यानंतर लहान लेख आणि ग्रंथपरीक्षणे घ्यावीत; मोठे ग्रंथ शेवटी.

वहीत तीन रकाने आखावेत : लेखक काय ठामपणे सांगतो, काय तर्काने सांगतो, आणि काय दुसऱ्याचे म्हणून सांगतो. प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात टाकल्याशिवाय त्याचा अनुवाद करू नये. ही सवय सहा महिने टिकली तर 'साँ दूत' आणि 'सरे' पुन्हा फसविणार नाहीत.

साधनांची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गालिका' या संग्रहात जुने ग्रंथ, आणि 'पेर्से' या संग्रहात आशियाविषयक फ्रेंच नियतकालिकांचे अंक विनामूल्य वाचता येतात. जामच्या विद्यार्थ्यालाही ते मोबाईलवर उघडता येतील. यंत्राने केलेला अनुवादही हाताशी आहे. शब्द शोधण्यास त्याची मदत घ्यावी. परंतु यंत्र वाक्य गुळगुळीत करताना 'म्हणे' गाळू शकते, आणि चुकीचे उत्तरदायित्व यंत्रावर टाकता येत नाही. अभ्यासक्रमांसाठी पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे विभाग आहेतच. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही फ्रेंचचे अभ्यासक्रम चालविले गेले आहेत, आणि तेथे डॉ. भदंत आनंद कौसल्यायन यांच्या नावाचे बौद्ध अध्ययन केंद्रही आहे. त्या त्या वर्षीचे प्रवेश विद्यार्थ्यांनी स्वतः विचारून घ्यावेत.

एक विनंती विहारांच्या व्यवस्थापकांना आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याचा आनंद आपण साजरा केला. आता ज्या परक्या भाषांत पालिचे काम झाले आहे, त्या शिकणाऱ्या एकेका विद्यार्थ्याच्या दुसऱ्या वर्षाचे शुल्क आणि प्रवासखर्च एकेका विहाराने उचलला, तर तो आनंद फळाला येईल. पहिल्या वर्षासाठी उत्साह पुरतो. दुसऱ्या वर्षी कोणीतरी पाठीशी उभे राहावे लागते.

जामच्या विद्यार्थिनीला आम्ही हेच सांगितले. घरच्यांना उत्तर देण्यासाठी तिने आपल्या वहीतील ते पान दाखवावे, असेही सुचविले. तिने तेथेच बसून 'निःसंशय' खोडून 'बहुधा' लिहिले, आणि 'आहे'च्या जागी 'असल्याचे सांगतात' असे केले. दोन्ही वाक्ये आता पहिल्याहून कमी ठाम आहेत. पण ती खरी आहेत. ज्यांनी फ्रेंचचे पहिले वर्ष पूर्ण केले आहे त्यांनी दुसरे सोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.